बेथानीची तीन भावंडे

आपल्या उपासना-पंचांगात २९ जुलै हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या संत मार्थाचा स्मरणदिन म्हणून पाळला जात असे. २६ जानेवारी २०२१ या तारखेच्या आदेशाने त्यात बदल झाला. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने रोमने निर्णय घेतला, की हा दिवस यापुढे मार्था, मरिया आणि लाजरस या तिन्ही भावंडांचा स्मरणदिन म्हणून साजरा व्हावा. वृत्तपत्रांनी या बातमीची विशेष दखल घेतली नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही त्या दिवशीच्या मिस्साची प्रार्थना थोडी बदलली, एवढेच काय ते जाणवले. पण या छोट्याशा बदलामागे सुमारे चौदाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. एका भक्त स्त्रीचे नाव तिच्यापासून कसे हरवले आणि ते तिला परत कसे मिळाले, याचा तो इतिहास आहे.

जी मरिया प्रभूच्या चरणांशी बसली, जिने त्याच्या चरणांवर मौल्यवान सुगंधी तेल ओतले, तिला वैश्विक उपासना-पंचांगात स्वतःच्या नावाने एकही दिवस का नव्हता? थोरल्या मार्थाला दिवस होता, मग मरियेला का नसावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला प्रथम बेथानीला जावे लागते, मग रोमला, आणि तेथून थेट आपल्या गोव्याला.

बेथानी हे यरुशलेमच्या पूर्वेस, जैतुनाच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर वसलेले लहानसे खेडे. योहानाने ते यरुशलेमपासून पंधरा स्टेडियम, म्हणजे साधारण तीन किलोमीटर अंतरावर असल्याचे नोंदविले आहे. सणाला यरुशलेमला आलेल्या यात्रेकरूने रात्री मुक्कामाला जावे आणि सकाळी पुन्हा मंदिरात यावे, इतक्या सोयीचे हे अंतर. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यात प्रभू येशू असेच करीत होता. दिवसा मंदिरात शिकवण, रात्री बेथानीत विसावा. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्याला हक्काने जाता येईल असे हे एक घर होते.

त्या घरात तीन भावंडे होती. त्यांच्या आईवडिलांचा, पतीचा वा पत्नीचा कोठेही उल्लेख नाही. मार्था या अरामी नावाचा अर्थच घरधनीण. लाजरस हे एलाजार या नावाचे संक्षिप्त रूप, ‘देवाने साहाय्य केले’ असा त्याचा अर्थ. मरिया हे मात्र त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये मुलींना सर्वाधिक दिले जाणारे नाव होते. आपल्या कोल्हापूरकडे एके काळी प्रत्येक वाड्यात एखादी ताराबाई असावी, तशी तेथे घरोघर मरिया होती. नव्या करारात प्रभूची माता मरिया आहे, मग्दाला गावची मरिया आहे, क्लोपाची मरिया आहे, याकोब व योसे यांची आई मरिया आहे. नावांच्या या गर्दीतच पुढच्या घोटाळ्याचे बीज होते.

बेथानीच्या या बहिणी शुभवर्तमानांत तीनदा आपल्यासमोर येतात. पहिला प्रसंग लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. लूक गावाचे नाव देत नाही. मार्था पाहुण्याचे स्वागत करते आणि पाहुणचाराच्या कामात गढून जाते, मरिया प्रभूच्या चरणांशी बसून त्याचे वचन ऐकते. ‘चरणांशी बसणे’ हा शब्दप्रयोग नुसत्या बसण्याचा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आपण गमलिएलच्या चरणांशी शिकलो असे सांगतो, तेव्हा तो आपल्या गुरुकुलाची ओळख देत असतो. आपल्याकडेही गुरुचरणी बसणे म्हणजे शिष्यत्व पत्करणे. ज्या समाजात धर्मशास्त्राचा अभ्यास हे पुरुषांचे काम मानले जाई, तेथे एक स्त्री शिष्याच्या जागी बसली आणि गुरूने तिला तेथून उठविले नाही. उलट तिने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असा निर्वाळा दिला.

दुसरा प्रसंग योहानाच्या अकराव्या अध्यायातला. लाजरस आजारी पडतो, बहिणी निरोप पाठवितात, आणि प्रभू येतो तेव्हा भावाला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेवर जाऊन त्याला गाठते. तिच्या बोलण्यात तक्रारही आहे आणि विश्वासही. त्या संभाषणाच्या शेवटी ती जे म्हणते त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. येशू हा जगात येणारा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे अशी स्पष्ट ग्वाही ती देते. मत्तयच्या शुभवर्तमानात हीच ग्वाही पेत्राच्या मुखी आहे, योहानाच्या शुभवर्तमानात ती मार्थाच्या मुखी आहे. स्वयंपाकघरातली म्हणून जिची ओळख आपण ठरवून टाकली, तिने ही श्रद्धेची कबुली भावाच्या दुःखात, गावाच्या वेशीबाहेर उभी राहून दिली. मरिया मागाहून येते, प्रभूच्या चरणांवर कोसळते आणि रडते. तिचे अश्रू पाहून प्रभूलाही रडू येते.

तिसरा प्रसंग योहानाच्या बाराव्या अध्यायातला, वल्हांडणाच्या सहा दिवस आधीचा. लाजरस पंक्तीला बसला आहे, मार्था वाढते आहे, आणि मरिया एक रत्तल शुद्ध जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतून ते आपल्या केसांनी पुसते. घर सुवासाने भरून जाते. त्या तेलाची किंमत तीनशे दिनार होती, असे यहूदा इस्कार्योत बोलून दाखवितो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका कष्टकऱ्याची जवळजवळ वर्षभराची कमाई तिने एका क्षणात रिती केली. प्रभू मात्र त्या कृतीचा संबंध आपल्या दफनाशी जोडतो. मरणाचे सावट ओळखलेली ती एकटीच होती. बारा प्रेषित त्याच आठवड्यात मानपानाचा वाद घालीत होते, असे लूक नोंदवितो.

या तेलापाशी आपण जरा थांबू, कारण ते आपल्या देशातून गेलेले आहे. जटामांसी ही हिमालयात उंचावर उगवणारी वनस्पती. तिच्या सुगंधी मुळांपासून ते तेल काढीत. संस्कृतातील ‘नलद’ हा शब्द हिब्रूत ‘नेर्द’ आणि ग्रीकमध्ये ‘नार्दोस’ झाला, अशी व्युत्पत्ती अभ्यासक देतात. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात जटामांसीचे नाव आहे, आणि त्याच बंदराला माल पुरविणाऱ्या पेठांत आपल्या पैठण व तेर या गावांचाही उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी या वनस्पतीचा भाव रत्तलाला शंभर दिनारपर्यंत असल्याचे सांगतो, आणि हिंदुस्थानच्या मालापायी साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात अशी तक्रार करतो.

कोल्हापूरकरांना या व्यापाराचा पुरावा पाहण्यास दूर जावे लागत नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ साली कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. त्या साठ्यात सातवाहन काळी भूमध्य सागराकडून आलेल्या वस्तू होत्या. समुद्रदेव पोसायडनची छोटी सुबक मूर्ती त्यांतलीच. ज्या शतकांत रोमन जगातील कांस्यमूर्ती पंचगंगेच्या तीरावर पोहोचत होत्या, त्याच शतकांत हिमालयातील जटामांसी यरुशलेमजवळच्या एका खेड्यातील घरात पोहोचली होती. आजही आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत जटामांसी मिळते, आणि घरोघरच्या बायका ती माक्याबरोबर केसांच्या तेलात घालतात. मरियेने ओतलेल्या तेलाचा वास ज्यांना ओळखता यावा, अशा थोड्या समाजांपैकी आपण एक आहोत.

मार्क व मत्तय यांच्या मते या स्त्रीच्या कृतीची आठवण शुभवार्ता जेथे जेथे सांगितली जाईल तेथे तेथे निघेल, असे प्रभूने म्हटले होते. गंमत अशी, की त्या दोघांनीही त्या स्त्रीचे नाव दिलेले नाही. ते दिले एकट्या योहानाने.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी ही आठवण जपली. तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या गीतरत्नाच्या भाष्यात मार्था आणि मरिया या बहिणी पुनरुत्थानाच्या पहाटे प्रभूला शोधणाऱ्या स्त्रिया म्हणून येतात, आणि प्रेषितांकडे पाठविलेल्या प्रेषिता ठरतात. चौथ्या शतकात बेथानीला लाजरसच्या कबरीपाशी चर्च उभे राहिले होते. त्याच शतकाच्या अखेरीस इगेरिया नावाची एक भाविक स्त्री पश्चिम युरोपातून पवित्र भूमीच्या यात्रेला गेली आणि तिने आपल्या भगिनींसाठी यात्रावृत्तान्त लिहून ठेवला. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी सारे यरुशलेम बेथानीकडे लोटत असे, लाजरसच्या स्थानाभोवतालची शेते माणसांनी भरून जात, आणि जेथे मरिया प्रभूला भेटली त्या जागी एक चर्च होते, असे ती सांगते. पूर्वेकडील चर्चेसमध्ये तो शनिवार अजूनही ‘लाजरसचा शनिवार’ म्हणून पाळतात. बाराव्या शतकात यरुशलेमच्या राणी मेलिसेंदने तेथे धर्मभगिनींचा मठ बांधला आणि तिची धाकटी बहीण इव्हेत पुढे त्या मठाची प्रमुख झाली. दोन बहिणींच्या गावात पुन्हा दोन बहिणींचे नाव जोडले गेले. आज त्या गावाचे अरबी नाव अल-एझरिया आहे, म्हणजे लाजरसचेच गाव. कबरीजवळ मशीद, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आणि फ्रान्सिस्कन चर्च एकमेकांच्या शेजारी उभी आहेत.

पूर्वेकडे अशा रीतीने बेथानीची मरिया आणि मग्दालाची मरिया या दोन निराळ्या स्त्रिया म्हणून स्मरणात राहिल्या. पश्चिमेकडे मात्र वेगळेच घडले.

इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी रोममध्ये लूकच्या सातव्या अध्यायावर प्रवचन केले. त्या अध्यायात परुशी शिमोनाच्या घरी एक पापी स्त्री येते, अश्रूंनी प्रभूचे पाय भिजविते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. तिचे नाव दिलेले नाही. ग्रेगरी यांनी सांगितले, की ही स्त्री म्हणजेच योहानाने उल्लेखिलेली मरिया, आणि जिच्यातून सात भुते निघाली असे मार्क म्हणतो ती मरियाही हीच. सात भुतांचा अर्थ त्यांनी सर्व दुर्गुण असा लावला. एका प्रवचनात तीन स्त्रियांची एक स्त्री झाली.

ही चूक कशी घडली हे समजण्यासारखे आहे. बेथानीच्या भोजनाच्या वेळी यजमान शिमोन नावाचा कुष्ठरोगी होता असे मार्क व मत्तय सांगतात, आणि लूकच्या प्रसंगातही यजमान शिमोनच. दोन्हीकडे तेल, दोन्हीकडे केस. लूक त्या पापी स्त्रीची कथा संपवून पुढच्याच अध्यायाच्या आरंभी मग्दालाच्या मरियेचा परिचय देतो. पण वाचताना लक्षात येते, की लूकचा प्रसंग प्रभूच्या गालीलातील कार्याच्या काळातला आहे, योहानाचा यहूदियातील शेवटच्या आठवड्यातला. एका ठिकाणी पश्चात्तापाचे अश्रू आहेत, दुसरीकडे अश्रूच नाहीत, दफनाची पूर्वतयारी आहे. मग्दाला हे गालील सरोवराकाठचे गाव, बेथानी यरुशलेमच्या वेशीजवळचे. आणि सात भुते म्हणजे देहविक्रय असे कोणत्याही शुभवर्तमानात म्हटलेले नाही. इतर कोणाही भूतबाधित मनुष्याला आपण त्यावरून पापी ठरविले नाही.

ग्रेगरी यांचा हेतू निंदेचा नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी रोममध्ये महामारी पसरली होती, त्यांच्या पूर्वीचे पोप तिलाच बळी पडले होते, लोंबार्डांचे सैन्य इटलीत धुमाकूळ घालीत होते. खचलेल्या लोकांना त्यांना आशा द्यायची होती. जी सर्वांत खाली गेली ती सर्वांत वर आली, हे उदाहरण त्यांना हवे होते, आणि तीन स्त्रिया एकत्र केल्याने ते अधिक परिणामकारक झाले. त्या चित्राने असंख्य निराश जीवांना धीर दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्याची किंमत दोन स्त्रियांनी मोजली. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेली माग्दालिना कायमची ‘पतिता’ झाली. बेथानीची मरिया तर तिच्यात विरघळून नाहीशीच झाली.

एकदा दोघी एक झाल्यावर भावंडांची कथाही पुढे वाढू लागली. पूर्वेकडील परंपरेनुसार लाजरस सायप्रसला गेला आणि कितियोनचा, म्हणजे आजच्या लार्नाकाचा बिशप झाला. तेथे त्याच्या नावाचे जुने चर्च आजही आहे. पश्चिमेकडील दंतकथेत मात्र तिघेही शीड नसलेल्या नौकेतून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात. लाजरस मार्सेयचा बिशप होतो, मरिया एका गुहेत तपश्चर्येला बसते, आणि मार्था तारास्कोन गावाला छळणाऱ्या राक्षसी प्राण्याला पवित्र जलाने शांत करून आपल्या कमरपट्ट्याने बांधून आणते. तेराव्या शतकातील ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रसंग्रहाने या कथा युरोपभर नेल्या. इतिहास म्हणून त्यांना आधार नाही. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोककथेने स्वयंपाकघरातल्या मार्थाला राक्षस वश करणारी वीरांगना केले, म्हणजे सामान्य भाविकांना तिचे बळ जाणवले होते.

पंचांगावरही या एकत्रीकरणाची मोहोर उमटली. माग्दालिनेचा सण २२ जुलैला. तिची बहीण म्हणून मार्थाचा सण बरोबर आठव्या दिवशी, २९ जुलैला ठरला. ज्या तारखेला आपण आज तिघा भावंडांचे स्मरण करतो, ती तारीखच मुळात त्या घोटाळ्यातून आलेली आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरू गोव्याला आले ते हीच एकत्र केलेली मरिया घेऊन. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्याचे आर्चबिशप अलेशो द मेनेझिस यांनी तेथे स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे स्थापन केली. एक ‘डोंगराच्या मातेच्या’ नावाने, निराधार कुलीन मुली व विधवा यांच्यासाठी. दुसरे संत माग्दालिनेच्या नावाने, ज्यांचे पाऊल वाकडे पडले असे समाज म्हणे त्या स्त्रियांसाठी. त्यांना आसरा मिळाला हे पुण्यकर्मच होते. पण दारावर माग्दालिनेचे नाव असले, की आत राहणाऱ्या स्त्रीवर कोणता शिक्का बसतो हे वेगळे सांगावे लागत नसे. प्रेषितांकडे पाठविलेल्या प्रेषितेचे नाव आपल्या भूमीत अशा रीतीने कलंकाची खूण होऊन अवतरले. युरोपातही अशा गृहांना हेच नाव मिळत गेले, आणि आयर्लंडमधील तशा संस्थांची करुण कहाणी विसाव्या शतकाच्या अखेरीस जगापुढे आली.

त्याच गोव्यात १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र सांगणारा हा महाग्रंथ पुढे गावोगावच्या घरांत वाचला गेला. मूळचे इंग्रज असलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने मराठीचा जो अभिमान धरला, तो आपणां सर्वांना भूषणावह आहे. मात्र त्यांच्या काळी सबंध लॅटिन चर्चच्या उपासनेत आणि संतचरित्रांत एकच मरिया नांदत होती, हेही विसरता कामा नये. आपल्या पूर्वजांनी जी मरिया ऐकली, जिच्यावर प्रेम केले, जिच्या पश्चात्तापाची उदाहरणे मुलींना दिली, ती त्या तिघींची एक झालेली मूर्ती होती.

शंका उपस्थित झालीच नव्हती असे नाही. १५१७ च्या सुमारास फ्रेंच पंडित लफेव्र देताप्ल यांनी या तीन वेगवेगळ्या स्त्रिया असल्याचे शुभवर्तमानांच्या आधारे दाखवून दिले. पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्यापीठाने १५२१ मध्ये त्यांच्या मताचा निषेध केला. सुधारणावादाचे वादळ नुकतेच उठले होते. एका संतिणीच्या ओळखीला हात लावला तर सगळी परंपराच ढासळेल, अशी धास्ती त्या वेळी होती.

ती धास्ती निराधार ठरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली पंचांगाची पुनर्रचना झाली, तेव्हा माग्दालिनेच्या दिवशीचे शुभवर्तमान पुनरुत्थानाच्या पहाटेच्या बागेतले ठेवण्यात आले आणि पापी स्त्रीचा संदर्भ गळला. २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीने सणाचा दर्जा मिळाला. माग्दालिना अशी स्वतःच्या जागी परतली. पण बेथानीची मरिया? दोघी एक नाहीत असे १९६९ मध्ये मान्य झाले खरे, तरी दुसरीला दिवस मिळायला २०२१ उजाडावे लागले. मधली बावन्न वर्षे ती माग्दालिनाही नव्हती आणि वैश्विक पंचांगात मरियाही नव्हती. २०२१ च्या आदेशाने पश्चिमी परंपरेतील या जुन्या अनिश्चिततेचा मोकळेपणाने उल्लेख करून तिला भावंडांमध्ये बसविले. परंपरा यामुळे ढासळली नाही, उलट अधिक खरी झाली.

नाव परत मिळाले तरी या बहिणींवरचा दुसरा एक अन्याय शिल्लक राहतो, आणि तो आपल्या घरांतला आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने मार्थाला कर्माचे आणि मरियेला ध्यानाचे प्रतीक मानले. तेव्हापासून प्रवचनांतून या दोघी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या जातात. संत ऑगस्टीन यांनी मात्र समजावून सांगितले, की मार्थाचे कामही चांगलेच आहे, फक्त ते या जगापुरते आहे. भुकेले आहेत तोवर वाढणे आवश्यक आहे. योहानाने तर दोघींचा आणि त्यांच्या भावाचा एकत्र उल्लेख करून प्रभूचे त्यांच्यावर प्रेम होते असे लिहिले आहे, आणि त्यात मार्थाचे नाव पहिले आहे.

आपल्या कुटुंबांत काय चालते? धर्मग्रामाच्या सणाला, घरातल्या नामकरणाला, लग्नाला, स्त्रिया पहाटेपासून चुलीपाशी असतात, आणि प्रवचनात मरियेचा वाटा उत्तम असल्याचे ऐकवितात. ज्यांनी वाढले त्यांनाच बसण्याचा उपदेश, आणि बसलेल्यांना उठून वाढण्याचा उपदेश कोणी करीत नाही. लूकच्या त्या कथेत लाजरस कोठे आहे, असा प्रश्न एखाद्या मुलीने धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला तर तिला रागावू नये. मार्थाची तक्रार बहिणीबद्दल होती, भावाकडून मदतीची अपेक्षाच तिने केलेली दिसत नाही. ती अपेक्षा आज आपल्या घरांत केली गेली, तर शुभवर्तमानाला बाध येणार नाही.

भाऊ-बहिणींच्या स्मरणातील हा तोल कोल्हापूरच्या ख्रिस्ती इतिहासातही दिसतो. १८५२ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये येथेच जन्मला. १८८६ साली अमेरिकेत जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ सुरू झाली आणि जिच्यातून पुढे हजारो तरुण जगभर गेले, तिच्या इतिहासात रॉबर्टचे नाव ठळक आहे. त्याची बहीण ग्रेस प्रिन्स्टनच्या घरी भावाबरोबर त्या कार्यासाठी सातत्याने प्रार्थना करीत होती. तिने स्वतः महाविद्यालयात तशीच शपथ घेतलेल्या मुलींचा गट उभा केला होता. वडिलांच्या निधनानंतर ती आईसह पुन्हा कोल्हापूरला आली आणि पुढे त्या वेळच्या इस्लामपूर परिसरातील खेड्यांत राबली. भाऊ ग्रंथांत राहिला, बहीण तळटिपेत गेली. पंथ वेगळा असला तरी ही कहाणी आपल्याला परकी नाही. आणि मराठी मनाला तर भावंडांच्या भक्तीचे नवल नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान या भावांमध्ये मुक्ताबाई उभी आहे, आणि रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाची ताटी उघडायला लावणारी तीच होती, असे वारकरी परंपरा सांगते. तिला कोणी भावांच्या सावलीत विरघळू दिले नाही. आपल्या बेथानीच्या बहिणींच्या बाबतीत हे भान राखण्यास आपल्याला उशीर झाला.

आता ते राखणे आपल्या हाती आहे. मुलींची नावे ठेवताना, संतांची चित्रे लावताना, प्रवचन करताना, मरिया माग्दालिनेला पतिता म्हणण्याची सवय मोडता येईल. बेथानीच्या मरियेची ओळख शिष्या म्हणून आणि मार्थाची ओळख श्रद्धेची ग्वाही देणारी म्हणून करून देता येईल. पवित्र सप्ताहातील सोमवारी मिस्सामध्ये बेथानीच्या भोजनाचेच शुभवर्तमान वाचले जाते. झावळ्यांच्या रविवारची गर्दी त्या दिवशी ओसरलेली असते, आणि गुरुवारची अजून यायची असते. देवळात मोजकी माणसे असतात, बहुधा स्त्रियाच अधिक. त्या दिवशी तिन्ही भावंडांची नावे घेतली जातात, आणि जटामांसीच्या सुवासाने भरलेल्या घराचे वर्णन ऐकू येते. निदान त्या सोमवारी आपण अवश्य जावे, आणि घरातल्या पुरुषांनाही बरोबर न्यावे.